मोन्झा पुरे झालं, आता मादोनीए करा

माझ्या भाच्याचं, संगणकावर मोटारशर्यत खेळायचं स्टिअरिंग त्याच्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलेलं आहे. पेडल फरशीवर मागे सरकतात, म्हणून पेडल आणि भिंत यांच्यामध्ये गव्हाचा कट्टा आडवा टाकलाय. ब्रेक जोरात दाबला की कट्ट्यातून भुसा उडतो. मे महिन्यात चाळीसगावला दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. त्या चार-पाच तासांत, कूलरच्या घरघरीत, या पोराने इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीच्या ट्रॅकला इतक्या फेऱ्या मारल्या आहेत की कुठल्या वळणाला कितव्या पाटीजवळ ब्रेक लावायचा हे तो झोपेतही सांगेल. मी रस्त्याच्या कामांवर पस्तीस वर्षं काढली. आधी स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, धरून उभा राहायचो, मग डंपी, म्हणजे रस्त्याची उंची मोजायची दुर्बीण, लावायला शिकलो. काम सुटल्यापासून दुपारी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसतो आणि न विचारता सल्ले देतो.

एकदा सहज विचारलं, तुझ्याकडे एकूण मोन्झा आहेत किती? त्याने बोटं मोजली. चार. चार वेगवेगळ्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायच्या गेममध्ये, चार वेळा पैसे मोजून घेतलेली. पैकी दोन लेझरने मोजलेली, म्हणून जरा महाग. लेझरची करामत मला मान्य आहे. आम्ही दर दहा मीटरला एक रीडिंग घ्यायचो, तेही स्टाफवाला उन्हाने वैतागलेला नसेल तर. हे यंत्र सेकंदाला लाखो ठिपके घेतं आणि डांबराचा फुगवटा मिलिमीटरमध्ये सांगतं. पण एवढं भारी यंत्र त्याच त्या धडधाकट, चालू ट्रॅकवर पुन्हा पुन्हा कशाला फिरवायचं? मोन्झा कुठे पळून चाललंय?

माझं म्हणणं असं आहे. सिम्युलेटर करणाऱ्या कंपन्यांची मेहनत आणि खेळणाऱ्यांचे पैसे आधी त्या ट्रॅकवर लागले पाहिजेत जे आज जमिनीवर उरलेले नाहीत, किंवा ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. आणि त्यांतही पहिला मान द्यायचा तो जे मुळात ट्रॅक नव्हतेच, साधे रस्ते होते, त्यांना.

हे मत मला एका रात्रीत झालं, असं म्हटलं तरी चालेल. भाच्याने जुना, १९९८ सालचा ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’ चालू केला होता. आजच्या मानाने त्यातली झाडं म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे. गेम १९६७च्या हंगामावर बेतलेला आहे, आणि त्यात एक गंमत आहे. त्या वर्षीची फ्रेंच ग्रँड प्रिक्स प्रत्यक्षात ल मान्सच्या बुगाटी सर्किटवर झाली होती. गेम करणाऱ्यांनी ते सरळ गाळलं आणि त्या जागी रूआँ-लेझ-एसार घातलं. इतिहासाच्या दृष्टीने ही चूकच, पण फार शहाणपणाची चूक. बुगाटी म्हणजे पिटच्या, गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या, मागे गुंडाळून ठेवलेली डांबराची पट्टी. रूआँ म्हणजे नॉर्मंडीतला जंगलाचा रस्ता. पिटपासून निघाल्यावर तो उताराला लागतो, वेगातली वळणं एकामागून एक येतात, आणि अगदी तळाशी ‘नुव्हो माँद’ नावाचं हेअरपिन, म्हणजे पार उलटं फिरवणारं वळण, ज्याच्यावर डांबर नव्हतं, दगडी फरसबंदी होती. सगळा वेग उतारावर कमवायचा आणि तळाला दगडांवर येऊन मोडायचा.

पुढे त्याने त्याच रूआँची हौशी मंडळींनी नव्याने केलेली प्रत मिळवली. त्या फरसबंदीवर गाडी आली तेव्हा स्टिअरिंग टेबलासकट थरथरलं आणि मशीनच्या खणातल्या बॉबिन खुळखुळल्या. आतून बहीण ओरडली. पोरगं मात्र माझ्याकडे वळून म्हणालं, “मामा, हाऊ ते आपला घाटच शे!”

आपला घाट म्हणजे कन्नडचा. चाळीसगावहून संभाजीनगरकडे जाताना जो चढावा लागतो तो. कागदोपत्री औट्रम घाट. ज्या जेम्स औट्रमने १८२५च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभी केली त्याच्या नावाचा. पोराने त्या घाटातून एसटीच्या खिडकीत बसून दहा वर्षं प्रवास केलाय, आणि मोन्झाच्या हजार फेऱ्यांत त्याला जे वाटलं नव्हतं ते रूआँच्या पहिल्या उतारावर वाटलं.

असं का वाटतं, हे मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. रस्ता करणाऱ्याला गाडीच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. पाणी थांबलं की रस्ता मेला. म्हणून जुन्या रस्त्याची पाठ मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते. सरळ रस्त्यावर ते ठीक आहे. वळणावर मात्र रस्त्याचा बाहेरचा अर्धा भाग बाहेरच झुकलेला राहतो, म्हणजे गाडी जिकडे फेकली जाते तिकडेच जमीनही उतरते. नवा हायवे करताना आम्ही बाहेरची कड उचलून घेतो, त्याला सुपर-एलेव्हेशन म्हणतात. जुन्या युरोपीय रस्त्यांवर ही मेहरबानी जागोजाग नव्हती. तो रस्ता गवताच्या गाड्यांसाठी, दुधाच्या कॅनसाठी, रविवारी चर्चला जाणाऱ्यांसाठी होता. शर्यतीची गाडी वर्षातले दोन-चार दिवस तिथे पाहुणी. त्यामुळे तिथे गाडी चालवणाऱ्याला रस्त्याचं ऐकावं लागे. आजच्या ट्रॅकवर उलटं आहे, रस्ता गाडीचं ऐकतो. वळणाबाहेर शंभर मीटर डांबर पसरलेलं, चुकलं तर गोल फिरून परत या. ग्रेटर नोएडाचं आपलं बुद्ध सर्किट घ्या. ५.१२५ किलोमीटर, २०११ ते २०१३ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा फेटेल जिंकला. त्या सालांच्या अधिकृत गेममध्ये ते आहे. मी भाच्याला सांगितलं, डोळे मिटून मला त्यातलं एखादं घर, झाड, पूल सांग. त्याला एकही सांगता आलं नाही. त्याचा दोष नाही. सांगण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नाही.

आता जुनं स्पा. आजचं स्पा ७ किलोमीटरचं आहे आणि जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरमध्ये आहे. जुनं १४ किलोमीटरच्या वर होतं. बेल्जियममधली फ्रांकोरशाँ, मालमेदी आणि स्ताव्हलो ही तीन गावं जोडणारा तिकोनी रस्ता, १९२० नंतर लगेच शर्यतीसाठी हेरलेला. त्यात मास्ता नावाची वाकण होती. लांबलचक सरळ रस्ता, मधेच डावं-उजवं, आणि ते नेमकं घरांच्या मधून. ताशी अडीचशेच्या पुढच्या वेगाने तिथे गाडी कुणाच्या तरी ओसरीपासून हातभर अंतरावरून जायची. १९६६ साली पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि जॅकी स्ट्युअर्टची गाडी मास्तापाशी रस्ता सोडून गेली. टाकीतलं पेट्रोल त्याच्या अंगावर, स्टिअरिंग पायात अडकलेलं. तो सुमारे पंचवीस मिनिटं त्या पेट्रोलमध्ये बसून होता. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे दोघे स्पर्धक आपापल्या गाड्या सोडून आले आणि प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्यांनी स्टिअरिंग सोडवलं. पुढे ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलचा रस्ता चुकली. तिथून पुढे स्ट्युअर्टने सुरक्षिततेसाठी जन्मभर भांडण मांडलं. १९७० साली पेड्रो रॉड्रिगेझने तिथली ग्रँड प्रिक्स ताशी २४१ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली, आणि त्या लांब रस्त्यावर ती शेवटची ठरली.

इथे कुणी म्हणेल, माणसं मारणारे रस्ते पुन्हा कशाला उभे करता? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ते रस्ते बंद झाले हे बरोबरच झालं. खरं तर उशिरा झालं. याच स्पावर १९६० साली एका शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोघे गेले. रूआँला १९६८ साली जो श्लेसर पावसात जळून गेला. होंडाची ती गाडी मॅग्नेशियमची होती. ल मान्सला १९५५ साली ऐंशीवर माणसं मेली, बहुतेक बघायला आलेली, आणि त्यानंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवरच बंदी आणली. बर्नजवळचं ब्रेमगार्टेन, झाडांच्या बोगद्यातून जाणारं, तिथेच संपलं. या रस्त्यांवर आज खऱ्या गाड्या पळवा असं वेड्यालाही वाटणार नाही. म्हणूनच सिम्युलेटर ही त्यांची एकमेव जागा आहे. मोन्झाला पैसे आणि ओळख असली तर आजही जाता येतं. मास्ताच्या वाकणीतून शर्यतीच्या वेगाने जाणं कुठल्याही पैशाने मिळत नाही.

फक्त करायचं तर खरं करा. घर जिथे होतं तिथेच पाहिजे. झाडाला धडकलं की झाड बाजूला होता कामा नये. काही प्रतींमध्ये जुन्या रस्त्याच्या कडेने गुपचूप न दिसणारी भिंत घातलेली असते, गाडी खड्ड्यात जाऊ नये म्हणून. ती मला फार खोटी वाटते, एखाद्याच्या म्हाताऱ्या आजीचा फोटो रंगवून तिला तरुण करावं तशी. आणि नुकसानीची सेटिंग पूर्ण चालू असावी. चौदा किलोमीटरच्या बाराव्या किलोमीटरला गाडी ठोकली तर परत पहिल्यापासून. पोराने तसं आठवडाभर चालवलं आणि एका रात्री स्वतःच म्हणाला, मामा, मास्ताला मी आता पाय उचलतो. मोन्झाने त्याला पाय उचलायला कधी शिकवलं नव्हतं. धुळे रोडला रात्री दुचाक्या तिरक्या करणारी पोरं आपण सगळेच बघतो. सिम्युलेटरमुळे ती तशी झाली असं म्हणणारी मंडळीही भेटतात. मला तसं वाटत नाही. त्यातल्या निम्म्यांनी सिम्युलेटर पाहिलेलाही नसतो. पण मोठ्या रन-ऑफचा, म्हणजे वळणाबाहेर भरपूर मोकळी जागा सोडलेला, ट्रॅक चुकीला किंमत नसते असं शिकवतो, एवढं मी मान्य करतो.

स्टेशन रोडला चहाला आमचा एक मित्र असतो, बँकेतून निवृत्त झालेला. त्याचा आक्षेप जास्त बोचरा आहे. तो म्हणतो, “तुला काय फरक पडतो रे? मोन्झा असो की तुझं ते रूआँ, तू चाळीसगाव सोडून कुठे जाणार आहेस? तुझ्यासाठी सगळे सारखेच मेलेले.” यावर मी दोन दिवस गप्प होतो. बरोबर आहे त्याचं. पासपोर्ट माझ्याकडे नाही. पण म्हणूनच मला तो ट्रॅक हवा जो मला काहीतरी ओळखीचं दाखवेल. न्यूरबर्गरिंग या ट्रॅकचं बघा. जर्मनीत १९२५ ते १९२७ या काळात ते बांधलं गेलं ते बेरोजगारांना काम द्यायचं म्हणून. आयफेलच्या गरीब डोंगराळ भागातल्या हजारो मजुरांनी खणून काढलेलं. मला हे कळलं तेव्हा मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. माझी आई तेव्हा सुरुंगाच्या दगडाची खडी फोडायला जायची, डोळ्याला गॉगल नाही, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. त्या खडीचे रस्ते आज आपल्या तालुक्यात डांबराखाली आहेत आणि कुणाला माहीत नाही. नॉर्डश्लाइफे, म्हणजे तिथला उत्तरेकडचा मोठा फेरा, आज चालू आहे, सगळ्यांनी मोजलीय, तिची चिंता नको. तिची धाकटी बहीण झ्यूडश्लाइफे, साडेसात-पावणेआठ किलोमीटरची, ती मात्र ऐंशीच्या दशकात नवा ट्रॅक बांधताना बरीचशी मोडली. माझ्या यादीत ती वर आहे. तीही त्याच हातांनी खणली होती.

पण यादीत पहिलं नाव मादोनीएचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सिसिली बेटावर विन्चेंझो फ्लोरिओ नावाच्या श्रीमंत तरुणाने १९०६ साली तार्गा फ्लोरिओ ही शर्यत सुरू केली. मार्ग पुढे बदलत गेला. शेवटच्या काळातला ‘लहान’ मादोनीए मार्ग एका फेरीला ७२ किलोमीटर होता. लहान! आपल्याकडे जळगावहून निघालात तर एरंडोल, पारोळा मागे टाकून धुळ्याच्या वाटेला लागाल तेव्हा एक फेरी होईल. अशा अकरा फेऱ्या. चेर्दा गावाजवळून सुरुवात, मग डोंगरात चढत काल्तावुतूरो, तिथून उतरत कोल्लेसानो, कांपोफेलीचे, आणि शेवटी समुद्राच्या कडेने सहा किलोमीटरचा ब्वॉनफोर्नेल्लोचा सरळ पट्टा. मधे शेकडो वळणं, कुणाला धड मोजता आली नाहीत अशी. १९७० साली लिओ किनुनेनने पोर्श ९०८/०३ मध्ये ३३ मिनिटं ३६ सेकंदांत फेरी मारली, म्हणजे ताशी १२८ किलोमीटर. मोन्झाच्या निम्म्या सरासरीला. तो आकडा मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो रस्त्याने ठरवलेला आहे. गाडी तीच, माणूस तोच. रस्ता म्हणाला एवढंच.

आणि तिथला नायक बघा. नीनो वाक्कारेल्ला, पालेर्मोचा शाळामास्तर. १९६५, १९७१ आणि १९७५, तीन वेळा जिंकला. भिंतींवर, दगडी कठड्यांवर लोकांनी चुन्याने ‘व्हीवा नीनो’ लिहून ठेवलं होतं. हा मास्तर त्याच रस्त्यांवर वाढला, त्या रस्त्याची वळणं त्याला आपल्या विद्यार्थ्यांच्या नावांसारखी पाठ असणार. जगातले मोठे मोठे चालक बरेच दिवस आधी येऊन सराव करायचे, तेही चालू रहदारीत, मेंढरं आणि खटारे चुकवत, आणि तरीही त्यांना मास्तरचा हेवा वाटायचा. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं. कन्नड घाटात रात्री पावसात मोठ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरपेक्षा आपण तिसऱ्या वळणावर डिपर मारून थांबणाऱ्या जुन्या ट्रकवाल्यावर जास्त विश्वास ठेवतो.

१९७७ साली प्रेक्षक मेले आणि तार्गा त्या रूपात संपली. हौशी लोकांनी मादोनीएच्या प्रती केल्या आहेत, त्यांना माझा सलाम आहे, पण ७२ किलोमीटरची प्रत्येक भिंत, प्रत्येक गावातली चढाची गल्ली, प्रत्येक मोरी हे फावल्या वेळातल्या माणसाचं काम नाही. ज्या कंपन्या दरवर्षी तेच पंधरा ट्रॅक नव्या रंगात विकतात त्यांनी एक वर्ष त्या पंधरांना हात लावू नये आणि ही एक गोष्ट करावी. नाहीच जमलं तर पेस्कारा करावं. तेही इटलीतलं, एका बाजूला एड्रिएटिक समुद्र, दुसरीकडे डोंगरातली गावं, २५.८ किलोमीटर, फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीसाठी वापरलेलं सगळ्यात लांब सर्किट. १९५७ साली तिथे ती एकदाच झाली आणि स्टर्लिंग मॉस व्हॅनवॉलमधून जिंकला. जळगाव ते भुसावळ धरा, आणि मधे दोन-चार डोंगर घाला.

यावर लेझरवाले म्हणतात, मोडलेल्या ट्रॅकचं माप आणायचं कुठून? जुने फोटो, नकाशे, थोडीफार फिल्म यांवरून जे होईल तो अंदाज, आणि अंदाजावर गाडी चालवणं म्हणजे खेळणं झालं.

ज्याने कधी डंपी लावली नाही तोच हे बोलू शकतो. माप म्हणजे अंदाजच असतो, फक्त त्याची चूक किती हे आपल्याला कळलेलं असतं. लेव्हलिंगमध्ये आम्ही एका बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवरून निघतो, पुढे जात जात बॅकसाइट, फोरसाइट, म्हणजे मागचं आणि पुढचं रीडिंग घेतो आणि फिरून त्याच बेंचमार्कवर येतो. निघताना जी उंची होती तीच परत यायला हवी. कधी येत नाही. पाच-सात मिलिमीटर, कधी दोन सेंटिमीटर फरक पडतो. तो फरक फील्ड बुकात लिहायचा, मर्यादेत असेल तर सगळ्या रीडिंगमध्ये वाटून टाकायचा, नसेल तर उद्या सकाळी पुन्हा. आता सर्किट म्हणजे काय? जो रस्ता फिरून स्वतःशी येतो तो. त्याची चढाची बेरीज आणि उताराची बेरीज सारखी यायलाच हवी. म्हणजे सर्किट हे लेव्हलवाल्याचं स्वप्न आहे, स्वतःची परीक्षा स्वतःच घेतं. जुन्या फोटोवरून तुम्ही उतार आठ टक्के धरला आणि खरा सहा होता, तर शेवटी स्टार्टिंग लाइन हवेत लटकेल आणि तुम्हाला तिथेच कळेल. शिवाय यातले बरेच रस्ते अजून जागेवर आहेत. फ्रान्समध्ये रँसजवळच्या ग्यो इथल्या जुन्या सर्किटची पिटची इमारत आणि स्टँड रस्त्याकडेला उभे आहेत, जुन्या जाहिराती पुन्हा रंगवलेल्या. त्या गावच्या मंडळींनी २००४ सालापासून ते काम हाती घेतलंय. जुन्या स्पाचा बहुतेक भाग आजही साधा सार्वजनिक रस्ता आहे, तुम्ही मोटार घेऊन हळू जाऊ शकता. डांबर नवं आहे, पण जमीन तीच. तिथे जा, मोजा, आणि कुठे अंदाज केला ते सरळ लिहून ठेवा. लपवू नका, बस.

सगळंच जुनं मला हवंय असंही नाही. बर्लिनचं आव्हुस मला नको. दोन सरळसोट पट्टे आणि उत्तर टोकाला विटांची ४३ अंशांची उभी भिंत, बाहेरच्या कडेला कठडासुद्धा नाही. थरार असेल, पण दोन फेऱ्यांत संपतो, आणि सरळ रस्ते आपल्याकडे नशिराबादपुढे पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड १९८९ साली बंद पडलं आणि त्या जागेवर मॉल आला. त्याला एक संधी द्यायला माझी हरकत नाही, निदान त्या मॉलला जाणाऱ्यांना कळेल आपण कुठल्या वळणावर गाडी पार्क केली.

ब्राझीलचं मात्र कौतुक केलं पाहिजे. रिओमधलं जाकारेपाग्वा, जिथे १९७८ ते १९८९ दरम्यान दहा वेळा ब्राझीलची ग्रँड प्रिक्स झाली, ते २०१२ साली ऑलिंपिकसाठी पाडलं. जागा सपाट झाली. त्याच देशातल्या एका कंपनीने ते आपल्या सिम्युलेटरमध्ये नीट करून ठेवलंय. आपला मोडलेला ट्रॅक त्यांनी परदेशी कंपनीच्या मर्जीवर सोडला नाही.

मग आपलं काय? आपल्याकडे शोलावरम होतं. चेन्नईच्या उत्तरेला, दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि पुढची काही दशकं भारतातली मोटार शर्यत म्हणजे शोलावरम असं समीकरण होतं. धावपट्ट्या, त्यांच्यामधल्या टॅक्सीवाटा, कडेला लोक. १९९०च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टईला नवा, बांधलेला ट्रॅक झाला आणि शोलावरम बाजूला पडलं. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी ज्या पिढीला गाड्या बांधून दिल्या, ज्या वातावरणातून पुढे नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनपर्यंत पोचला, त्याची मुळं तिथे आहेत. माझ्याच मापाने बघितलं तर शोलावरम बसत नाही. तो गावाचा रस्ता नव्हता, चढ नाही, उतार नाही, लेव्हलवाल्याला तिथे करण्यासारखं काही नाही. तरीही मला ते हवंय. सिल्व्हरस्टोनही विमानतळच होता, आणि १९६७चं सिल्व्हरस्टोन करायला इटलीतल्या कंपनीला वेळ मिळाला. शोलावरम करायला इटलीतून कुणी येणार नाही. काम फार मोठंही नाही: धावपट्टीची मापं, त्या काळचे फोटो, आणि तिथे गाडी चालवलेली माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याशी चार संध्याकाळ बोलणं. भारतात संगणकावर चित्रं करणारी पोरं पैशाला पासरी आहेत, निम्मा हॉलिवूड त्यांच्यावर चालतो. त्यांतल्या दोघांनी मनावर घ्यावं.

आणि आमचा घाट.

२०२१च्या ऑगस्टअखेरीस रात्रभर पाऊस झाला, चाळीसगावात पूर आला आणि घाटात दरडी कोसळल्या. काही दिवस रस्ता बंद. पुढे जड वाहनं तिथून जाऊ द्यायची की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. बोगद्याची चर्चा तर मी कामावर लागलो तेव्हापासून ऐकतोय. कधीतरी तो होईल, व्हायलाही पाहिजे. घाटात रात्र रात्र अडकलेल्या रुग्णवाहिका मी पाहिल्या आहेत. पण बोगदा झाला की घाटाचं तेच होईल जे रूआँचं झालं. एक-दोन पावसाळे, मग साइडपट्टी तुटेल, मोऱ्या बुजतील, कठड्याचे दगड कुणीतरी गोठ्याला नेईल. वरच्या अंगाला मल्हारगड आणि खाली पाटणादेवीचं जंगल तेवढं राहील. शर्यत त्या रस्त्यावर कधी झाली नाही आणि होऊ नये. तरी या भागातल्या तीन पिढ्यांनी जो रस्ता पाय, क्लच आणि पोटातल्या गोळ्याने मोजला, तो कुठेतरी उतरवून ठेवलेला असावा असं मला फार वाटतं.

म्हणून दिवाळीत मी माळ्यावरची पेटी काढली. तीत माझी १९९४ सालची एक फील्ड बुक निघाली. घाटाच्या एका तुकड्याचं दुरुस्तीचं काम होतं त्या वेळची, कोपरे वाळवीने खाल्लेली, पण पेन्सिलीचे आकडे स्पष्ट. भाचा ब्लेंडर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर शिकलाय. मी आकडे वाचतो, तो भरतो. चेनेज म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, आरएल म्हणजे उंची, डावी कड, उजवी कड. एका जागी मी “इथे वडाचं झाड” असं लिहिलेलं होतं. त्याने विचारलं, मामा, किती मोठं? मी हात पसरून दाखवला. त्याने तेवढं केलं.

मागच्या रविवारी पहिल्यांदा त्याच्यावर गाडी घातली. कट्टा नीट लावला, बहिणीने मशीनवरचं कापड उचलून घेतलं. वळणाला गाडी बाहेर झुकली तशी मला खुर्चीत बसल्या बसल्या डावीकडे कलल्यासारखं झालं. तिथे आमच्या बुकात बाहेरच्या कडेला नऊ सेंटिमीटरचा उतार आहे, तो आलाय बरोबर. वड आला, मोरी आली, तिसरा मैलाचा दगड आला. त्याच्यापुढची पानं वाळवीने नेलीत. तिथे रस्ता संपतो आणि गाडी करड्या पोकळीत खाली पडत राहते. पोरगं म्हणालं, पुढचं कवा मोजाना, मामा? डंपी माझ्याकडे आता नाही, ती भाड्याने मिळते. स्टाफ धरायला त्यालाच यावं लागेल.